डाव्या दाराची बीडिंग

आमचे जावईबापू संतोष यांनी यंदा एक जुनी जीप घेतली. हौस म्हणून. परवा शनिवारी साधनाला घेऊन वसमतला आले ते त्या जीपमधूनच, आणि औंढ्यापासूनची सगळी धूळ डोक्यावर घेऊन आले. जेवणं झाली, दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही तिघं ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो. माझं दुकान रेक्झिन, फोम, रबर असल्या मालाचं. सदतीस वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली, पण रबर हातात घेतलं की ते किती उन्हाळे टिकेल ते मी सांगतो.

"मामा," जावई म्हणाले, "दारांची बीडिंग द्या ना. मीच बसवतो. मोबाईलवर बघितलंय, अर्ध्या तासाचं काम आहे."

"देतो की. पण जुनी काढायच्या आधी ती कोणी बसवली होती ते विचारून या."

"कोणाला विचारू? मी ती तिसऱ्या मालकाकडून घेतलीय."

साधना हसली. "झालं. आता बाबा जळबाचं सांगणार. ऐका आता, सुटका नाही."

"गोष्ट नाही ती, झालेलं आहे. जळबा आहे अजून, सकाळी नेऊन दाखवतो."

जावयांनी खुर्ची जरा पुढं ओढली. मी सांगायला लागलो.

आधी बीडिंग म्हणजे काय ते नीट कळलं पाहिजे. गाडीच्या दाराच्या चौकटीला पत्र्याची पातळ कड असते. बीडिंगच्या पोटात खाच असते. ती खाच त्या कडेवर दाबत दाबत चौकटीभर फिरवायची. वारा, धूळ, पाणी तिथंच अडतं, आणि दार लावलं की पत्रा पत्र्यावर आपटत नाही. सुरुवात खाली करायची, पाय ठेवतो तिथं, बरोबर मध्यावर. कोपऱ्यात ओढायची नाही. ओढलेली आज चापून बसलेली दिसते, उन्हाळ्यात आकसते आणि कोपरा सोडते. फिरून खाली आलात की दोन टोकं भेटतात. तो जोड. कारागीर ओळखायचा तो जोडावरून.

आता आमच्या वसमतमध्ये दोन कुशनवाले होते, गाड्यांच्या सीटा-बीडिंग करणारे. रामप्रसाद आणि जळबा. दोघं नांदेडच्या एकाच उस्तादाकडं शिकले, एकाच ताटात जेवले. रामप्रसादचा जोड सापडायचा नाही. मी स्वतः चष्मा लावून बघितलंय. नख फिरवलं तरी कळायचं नाही सुरुवात कुठं आणि शेवट कुठं. जळबाचा जोड चांगला असायचा. पण सापडायचा.

तेवढाच फरक. पण त्या तेवढ्याशा फरकानं जळबाची वीस वर्षं खाल्ली.

गिऱ्हाईक जळबाकडं यायचं ते रामप्रसादचं काम हातात घेऊन. "हे बघ, असं कर." एकानं तर मोबाईलवर फोटोच काढून आणला होता. जळबा हसायचा, करून द्यायचा, आणि संध्याकाळी माझ्या दुकानावर येऊन त्याच फोटोतल्या कामाच्या चुका मला सांगत बसायचा. चुका नसायच्याच. मी हूं हूं करायचो.

मत्सर मला परका नाही. समोरच्यानं दुकानाला काचा लावल्या तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही.

"तिसऱ्या दिवशी जेवलात," साधना म्हणाली. "आईनं पुरणपोळी केली म्हणून."

तिसऱ्या दिवशी मीही काचा लावल्या म्हणून. व्यापाऱ्याचा मत्सर पोटात असतो, काहीतरी करून निभतो. जळबाचा हातात उतरला होता. हातातला निघत नाही.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत रामप्रसाद गेला. आठ दिवसांत. मागं बायको, पद्माबाई. मला वाटलं, आता तरी जळबा मोकळा होईल. झालं उलटंच. जिवंत माणूस कधीतरी चुकतो, मेलेला कुठला चुकणार? लोक म्हणायला लागले, "रामप्रसाद असता तर…" आणि पुढचं बोलायचेसुद्धा नाहीत.

आता ती गाडी. सिद्धेश्वरच्या शिवशंकरची. धरणाचं काम संपल्यावर लिलावात त्याच्या बापानं घेतलेली जुनी पिकअप, पुढं लांब नाक, दोन दारं, मागं लाकडी हौदा. बापानं त्यातून तीस वर्षं शेळ्यामेंढ्या बाजाराला नेल्या. शिवशंकरनं ती नव्यासारखी करायला काढली, पोरीला लग्नात त्यातूनच आणायचं म्हणून. रामप्रसादनं डाव्या दाराची बीडिंग बसवली. उजव्या दाराच्या आधी ताप आला. गाडी तशीच दीड वर्ष ताडपत्रीखाली राहिली.

दोन हजार बावीसचा डिसेंबर. सहा तारीख, मंगळवार. शिवशंकर आणि जळबा दोघं माझ्या दुकानात आले. लग्न अकरा तारखेला, रविवारी.

"जळबा," शिवशंकर म्हणाला, "डाव्या दाराला हात लावू नको. रामप्रसादच्या हातचं शेवटचं काम हाय ते. पोरगी त्याच बाजूला बसनार हाय. तू उजवं तेवढं कर. त्याच्यासारखं."

"दोन दारं दोन हातांची, मालक? दिसून राहील की."

"तू त्याच्यासारखं कर, मग कशाला दिसंल?"

तो चहा सांगायला बाहेर गेला. जळबा बीडिंगचा गुंडाळा हातात घेऊन दाबून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "अठ्ठावीस फूट द्या, शेठ."

एका दाराला चौदा फूट लागते. मला कळलं. पण मी दुकानदार माणूस, अठ्ठावीस मोजून कापली. माझी चूक इथं झाली, हे मी कोणापासून लपवत नाही. एवढं मात्र विचारलं, "पद्माबाईकडं जाऊन आलास का?"

का विचारलं ते सांगतो. त्यांच्या उस्तादाची एक शिस्त होती. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम उचलायचं असेल तर आधी पान-सुपारी घेऊन त्याच्या घरी जायचं. तो असेल तर त्याला, नसेल तर घरच्यांना म्हणायचं, तुमचं काम मी पुरं करतो. ते सुपारी ठेवून घेतात. मग हात लावायचा. पद्माबाईचं घर जळबाच्या शेडपासून दोन गल्ल्यांवर.

जळबा म्हणाला, "मेलेल्याला काहून विचारू, शेठ? जित्तेपणी त्यानं मला कधी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. लोक देवळात, आणि जळबा शेडमध्ये डाव्या दाराची बीडिंग काढत होता. काढताना त्यालाही जोड सापडला नाही. टोक मिळेना म्हणून शेवटी ब्लेड लावून मधेच कापली. तुकडे बाहेर शेकोटीत टाकले. रबराचा काळा धूर माझ्या दुकानापर्यंत आला. मी शटर थोडं खाली ओढलं.

गुरुवारी, आठ तारखेला, त्यानं उजवं दार केलं. दिवसभर. संध्याकाळी सहाला जोड कापला, सोल्युशन लावलं, दाबून धरला. दारात कागद अडकवून ओढून बघितला, कागद फाटला पण निघाला नाही. छान काम झालं होतं. मी बघून आलो. जोड… सापडला. त्यानं माझ्या बोटाकडं बघितलं आणि त्याला कळलं.

डावं दार पहाटे उठून करायचं ठरलं. राहिलेली चौदा फूट बीडिंग त्यानं खिळ्याला टांगली. दार सताड उघडं ठेवलं, चौकट घासून साफ होती, नुसता पत्रा. शुक्रवारी सकाळी आठला शिवशंकर गाडी न्यायला येणार होता. गाडी दुसऱ्याची, म्हणून जळबा शेडमध्येच फोमच्या तुकड्यावर झोपला.

"अमावस्या होती?" जावयांनी विचारलं.

अमावस्या कशाची, पौर्णिमेचं चांदणं. पत्र्याच्या फटीतून शेडमध्ये पट्टे पडले होते. सुई पडली तर उचलता आली असती.

बारा वीसला त्याला जाग आली. दार लागल्याचा आवाज आला होता.

आता आवाजाचं ऐका. जुन्या गाडीचं दार बीडिंगशिवाय लागलं तर खण्ण वाजतं. जळबानं बसवलेलं, ठक. आणि हा आवाज होता… धप. उशीवर हात ठेवावा तसा. वसमतमध्ये असा आवाज एकाच माणसाच्या दाराचा यायचा.

जळबाला वाटलं, चोर. पाना घेऊन उठला. शेडला आतून कडी होती. तशीच. गाडीजवळ गेला. डावं दार लागलेलं होतं.

त्यानं उघडलं.

चौकटीला बीडिंग होती. खालपासून वरपर्यंत, चारी बाजूंनी. बसलेली.

त्यानं मागं वळून खिळ्याकडं बघितलं. चौदा फुटांचा गुंडाळा तिथंच लटकत होता.

कडी काढून तो बाहेर अंगणात आला आणि मला फोन केला. बारा एकतीस. मोबाईलमध्ये वेळ राहतो, मी नंतर बघून ठेवला.

"शेठ… तुमी आला व्हता का शेडवर?"

"मी झोपलोय रे. काय झालं?"

"कोणी पाठवलं व्हतं का… कारागीर?"

"या वेळेला? जळबा, पिलास का?"

आणि मग मी ऐकलं. माझ्या या कानानं, फोनमधून.

धप.

"दार कोणी लावलं?" मी म्हटलं.

"मी भायेर हाय शेठ. गाडी आत हाय."

"तू घराकडं ये. असाच ये. चप्पलसुद्धा घेऊ नको."

अगदी हळू म्हणाला, "जोड बघतो अन् येतो."

साधना आता हसत नव्हती. तिनं पदर खांद्यावरून घेतला.

मी गेलो नाही. खोटं कशाला सांगू. बसून राहिलो, पहाटे पाचपर्यंत. आत काय झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, तेवढंच सांगतो.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. जळबा परत आत गेला, कारण भीतीपेक्षा मोठी गोष्ट त्याच्या पोटात वीस वर्षं बसली होती. त्याला वाटलं, जो कोणी असेल तो असो. आज जोड सापडणार. आत्ताच बसवलेली आहे, सोल्युशन ओलं असणार, हाताला लागणार.

डावं दार उघडून तो सीटवर बसला. बोट खाली ठेवलं, मध्यावर. पुढच्या खांबावरून वर नेलं. छपराखालून मागं. मागच्या खांबावरून खाली. परत मध्यावर.

नाही.

पुन्हा फिरवलं. नखानं.

नाही.

उस्ताद म्हणायचा, जोड डोळ्याला दिसत नाही, बोटाला दिसतो. जळबानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा बोट ठेवलं. हळूहळू… पुढचा खांब… कोपरा… कोपऱ्यात कुठं ओढलेली नाही. भरून दिलेली. त्याला राग आला. इतकं चांगलं काम बघून राग आला. वर… छपराखाली… मधोमध…

आणि समोरून दुसरं बोट आलं.

टोकाला टोक लागलं.

थांबलं.

जळबानं डोळे उघडले नाहीत. बोट गार नव्हतं. ऊन नव्हतं. घट्टा पडलेलं होतं… सुईमागं पडतो तसा. दोघांच्या उस्तादानं दिलेला घट्टा. त्याच जागी.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर कुत्रंसुद्धा नाही.

मग जळबानं विचारलं. जावईबापू, माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. जळबानं विचारलं,

"रामप्रसाद… जोड कुठं हाय?"

काही नाही.

मग ते बोट… त्याच्या बोटावर चढलं. वरून दाबलं. शिकवताना दाबतात तसं. आणि न्यायला लागलं. छपराखालून… मागं… खाली…

थांबलं.

तिथं.

मी बोलायचा थांबलो. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"सापडला?" जावयांनी विचारलं.

"सापडला म्हणतो. कुठं ते सांगत नाही."

पाचला मी शेडवर गेलो. जळबा जमिनीवर बसला होता, उजवा हात पाण्याच्या बादलीत. भाजलं नव्हतं, कापलं नव्हतं. मी खिळ्यावरची बीडिंग काढून मोजली. चौदा फूट, पुरी. मग उजव्या दाराशी गेलो. काल संध्याकाळी सहाला जळबानं स्वतः कापलेला जोड, माझ्या बोटाला लागलेला जोड. चष्मा लावला. नख फिरवलं.

नव्हता.

आठला शिवशंकर आला. दोन्ही दारं उघडली, लावली. धप. धप. खूश झाला. "एकाच हाताची वाटून राहिलीत की रे. डावीकडं रामप्रसादचंच राहू दिलंस, बरं केलंस. अन् उजवीकडं… जळबा, आज तुझ्या हातात रामप्रसाद आला बघ."

जळबाला सांगता आलं असतं. डावं मी फाडलं, जाळलं, हे सांगता आलं असतं. उजवं माझं आहे, हेही सांगता आलं असतं. तो गाडीकडं बघत उभा राहिला. रविवारी पोरगी त्याच डाव्या दाराशी बसून लग्नाला गेली.

त्यानंतर जळबाचं काम असं झालं की नांदेड-परभणीहून गाड्या यायला लागल्या. जोड सापडत नाही. कोणालाच नाही. आणि जो येतो तो एकच बोलतो, "अगदी रामप्रसादचा हात." मी दर वेळी जळबाच्या तोंडाकडं बघतो. पूर्वी तो सीटच्या मागं 'जळबा कुशन' अशी छोटी पट्टी शिवायचा. आता शिवत नाही. विचारलं तर म्हणाला, "कुणाचं नाव टाकू, शेठ?"

"म्हणजे त्यानं शिकवलं," साधना म्हणाली. "चांगलंच केलं की मग."

मलाही तसंच वाटलं होतं, फेब्रुवारीपर्यंत.

माझ्या दुकानाला लागून रेशनचं दुकान आहे. तिथं मशीनवर बोट ठेवल्याशिवाय धान्य मिळत नाही. त्या दिवशी मी तिथंच उभा होतो, सुट्ट्या पैशांसाठी. पुढं पद्माबाई, मागं जळबा. पद्माबाईचं बोट लागेना. धुणीभांडी करून रेषा गेलेल्या. दुकानदार म्हणाला, "मावशी, हात कोरडा करा जरा. जळबा, तू ठेव तोवर."

पण कार्ड बदलायचं तो विसरला. पद्माबाईचंच कार्ड उघडं होतं, आणि घाईत नाव दाबलं गेलं होतं खालचं. मेलेल्या नवऱ्याचं. दोन वर्षं झाली तरी काढलं नव्हतं कोणी.

जळबानं बोट ठेवलं.

मशीननं हिरवा दिवा दिला. कर्रर्र करून चिठ्ठी बाहेर आली.

दुकानदारानं चिठ्ठी बघितली, मशीन बघितलं. "काय डोकं फिरलंय याचं," म्हणाला. जळबाचं कार्ड उघडलं. "ठेव परत. तेच बोट."

लाल.

"पूस. ठेव."

लाल.

मागची माणसं ओरडायला लागली. जळबा हात खाली सोडून उभा होता. पद्माबाईनं चिठ्ठी उचलली. चौथी शिकलेली आहे ती. नाव वाचलं. मग तिनं सगळ्यांसमोर जळबाचा उजवा हात धरला, उलटा केला, ते बोट आपल्या दोन बोटांत घेऊन बघितलं. बराच वेळ. मग सोडला, धान्य घेतलं आणि गेली.

जावयांचा चहा तसाच गार झाला होता. "मशीन चुकलं असेल, मामा."

"असेल. मीही तसंच म्हणतो."

त्या चिठ्ठ्यांचा कागद तुम्हाला माहीत आहे. चार-सहा महिन्यांत अक्षरं उडतात, कोरा होतो. पद्माबाईनं ती चिठ्ठी देवाच्या कोनाड्यात ठेवलीय. मागच्या महिन्यात रेक्झिनचे तुकडे द्यायला गेलो तेव्हा तिनं काढून दाखवली. तारीख गेलीय. गहू, तांदूळ, वजन, सगळं गेलंय.

नाव आहे.

आणि नावाखाली एका बोटाचा ठसा उठलाय. मशीन चिठ्ठीवर ठसा छापत नाही. मी रेशनवाल्याला विचारून आलो.